हद्दीबाहेर गेलेले हिराजीदादा

हिराजीदादा गेल्याची बातमी आमच्या ग्रुपवर आपणहून आली नाही. येणारही नव्हती. पेण ते कोलाड या पट्ट्याबाहेरच्या कोणत्याही गोष्टीबद्दल तिथे लिहायचं नाही, मग ती मरणाची बातमी का असेना, असा नियम होता आणि तो हिराजीदादांनीच केलेला होता. ते गेले पुण्यात, मुलाच्या घरी, सकाळचा चहा घेऊन झाल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या. मला कळलं ते त्यांची सून स्नेहल हिच्या फोनवरून. मी रोह्याच्या बाजारात मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होते. "बाई, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हटलं. असल्या वेळी माणूस काय वाटेल ते बोलतो… मी "बरं" म्हटलं, मेथीची जुडी पिशवीत टाकली आणि घरी आले.

दुपारी मी ग्रुपवर बातमी टाकली. नियम मोडला. साडेचार वर्षं दोघांनी मिळून हा ग्रुप चालवला होता, तेवढा हक्क मला होता असं मला वाटलं. बातमी शेकडो लोकांनी वाचली. खाली कुणी एक अक्षर लिहिलं नाही. मरणाच्या बातमीखाली श्रद्धांजलीच्या ओळी लिहायच्या नाहीत, हात जोडलेली चित्रं टाकायची नाहीत, जमलं तर त्या घरी जाऊन यायचं, हाही त्यांचाच नियम. त्या दिवशी तो सगळ्यांनी पाळला. संध्याकाळपर्यंत मी दर पाच मिनिटांनी फोन उघडून बघत होते. कुणीतरी नियम मोडावा, निदान एकाने तरी, असं मला फार वाटत होतं. कुणीच मोडला नाही. शिस्त अशी लागली होती, आणि ती लावणारी मीच होते.

हिराजी पाटील सरकारी मोजणी खात्यात होते. जमिनी मोजायच्या, हद्दी ठरवायच्या, भावाभावांच्या भांडणात मधे उभं राहून दगड रोवायचा, हे त्यांनी आयुष्यभर केलं. मूळचे पेणजवळच्या खाडीकाठच्या एका गावातले. वडील मिठागरात कामाला, थोडी खारजमीन. त्या घरातला हा मुलगा शिकला, नोकरीला लागला आणि बदल्या होत होत शेवटी रोह्यात भाड्याच्या दोन खोल्यांत स्थिरावला. माझी त्यांची ओळख झाली ती आमच्या घरच्या भांडणातून. आमचं घराणं जमीनदारीचं, निदान तसं आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात उरली होती ती एक आमराई आणि तिच्या मधून जाणाऱ्या बांधावरून माझे वडील आणि काका यांच्यात चाललेला अबोला. मोजणी मागवली. काकांना वेळेवर कळवलं गेलं नव्हतं म्हणून पहिल्या दिवशी हा मोजणीदार आमराईत आला, झाडाखाली बसला, पाणी प्यायला आणि न मोजताच उठला. वडील संतापले. हिराजीदादा शांतपणे म्हणाले, "लगतदार हजर नाय, तर मी टेप कशी सोडू? त्याच्या पाठी मोजलेली हद्द उद्या त्याला कशी पटल?"

लगतदार म्हणजे शेजारच्या जमिनीचा मालक. त्याला नोटीस दिल्याशिवाय, त्याला समोर उभं केल्याशिवाय मोजणी करायची नाही, हा त्यांच्या कामाचा धर्मच. आठ दिवसांनी काका आले, मोजणी झाली, आणि बांध आमच्याच बाजूला सरकला, आमचीच जमीन कमी झाली. वडिलांनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. मी विचारला. तेव्हा मी शाळेत विज्ञान शिकवत होते. मोजमाप बरोबर आहे हे मला दिसत होतं, आणि आपलं नुकसान करणारं मोजमापही बरोबर असू शकतं हे कुणीतरी मान्य करायला हवं होतं. त्या चहापासून ते मला "बाई" म्हणायला लागले आणि मी त्यांना "दादा". पुढे त्यांच्या प्रशांतला मी दहावीला शिकवलं. वहिनी गेल्या तेव्हा तेराव्यापर्यंत रोज त्यांच्याकडे डबा पोचवला. असं ते चालत राहिलं.

ग्रुप निघाला तो दोघं निवृत्त झाल्यावर. नाव ठेवलं 'आपला पट्टा'. कल्पना त्यांची, टायपिंग माझं. पेण, नागोठणं, निडी, रोहा, कोलाड आणि मधली गावं. इथल्या लोकांनी इथल्या अडचणी एका ठिकाणी मांडाव्यात, ज्याच्या हातात असेल त्याने उत्तर द्यावं. गटार तुंबलं, डॉक्टर आज येणार नाहीत, फाटकाजवळ खड्डा पडलाय, पाणी कुठल्या आळीत येतंय, कुठल्या नाही. सुरुवातीला सगळ्या ग्रुपांचं होतं तेच आमचंही झालं. सकाळी उठून बघावं तर गुलाबाची फुलं, सुविचार, काढे, देशाचं काय चुकतंय आणि जगाचं काय होणार. हिराजीदादा चिडत नसत. कुणी गुलाब टाकला की खाली लिहीत, "फूल छान. कुठल्या गावचं? जागा लिहा." कोलाडच्या एका गृहस्थांनी हिमालयातल्या कुठल्याशा महाराजांचा संदेश पाठवला, तेव्हा दादांनी विचारलं, "हे कोलाडला कधी आले? आपण जागेवर उभं राहून ऐकलं का?" लोक हसले, गृहस्थ वरमले आणि आठवड्याभराने त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या घराजवळच्या वाकलेल्या विजेच्या खांबाबद्दल लिहिलं. पंधरा दिवसांत तो खांब सरळ झाला. त्यानंतर गृहस्थांना महाराजांची फारशी गरज लागली नाही.

नियम असे एकेक करत झाले. मेसेजच्या सुरुवातीला जागेचं नाव. स्वतः तिथे जाऊन पाहिलं असेल तरच लिहायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कुणाविरुद्ध तक्रार करायची तर आधी त्याला कळवायचं. तो ग्रुपमध्ये नसेल तर त्याला आत घ्यायचा आणि मगच बोलायचं. पेणमधल्या एकाने तक्रार केली की गणपतीच्या कारखान्यासमोर टेंपो उभे राहतात, आळीतून शाळेची मुलं जाऊ शकत नाहीत. दादांनी त्याचा मेसेज थांबवला, स्वतः पेणला गेले आणि कारखानदाराच्या शेजारी, अर्ध्या रंगवलेल्या मूर्तींच्या मधे, पाटावर बसले. कारखानदार म्हणाला, "माल कुठून भरू मग? मूर्ती काय डोक्यावर घेऊन नेऊ?" दादांनी त्याला तिथल्या तिथे ग्रुपमध्ये घेतला आणि म्हणाले, "हे तू तिथं बोल. मी नाय बोलणार तुझ्या वतीनं." दोन दिवस दोघं भांडले, तिसऱ्या दिवशी टेंपोची वेळ ठरली. लगतदार हजर होता, म्हणून मोजणी टिकली, असं ते मला नंतर म्हणाले.

माणसाला ग्रुपमधून काढायची वेळ आली तर ते आधी फोन करत. हे मला अगदी नीट लिहायचंय, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दोनदा सांगूनही ज्याचे भलतेसलते मेसेज थांबत नसत त्याला ते दुपारी निवांत फोन लावत. पहिली दहा मिनिटं त्याच्या आईची तब्येत, मुलीचं शिक्षण, अंगणातली विहीर. मग हळूच, "तुला जरा बाहेर ठेवतो रे. राग नको धरू. इकडचं काय असलं तर मला सांग, मी घालतो." अर्धा अर्धा तास जाई. मी वैतागत असे. मी म्हणायची, "दादा, बोट दाबलं की माणूस जातो. त्याला एवढी आरती कशाला?" ते म्हणत, "बाई, दगड रोवताना मी पण हातोडा एकदम नाय मारायचो." मी हसण्यावारी नेलं. मी वर्गातली बाई. माझ्याकडे बोट दाबणं पुरेसं होतं.

मग ते उधाण आलं. पावसाळ्याचे दिवस, अमावास्येची मोठी भरती. दादांच्या गावाजवळ खाडीच्या बांधात उघाडी आहे. म्हणजे एक दार. ओहोटीला उघडून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडतं आणि भरतीला मिटून खारं पाणी आत येऊ देत नाही. त्या दारात सकाळी एक वाहून आलेला ओंडका अडकला आणि दार मिटेना. गावातल्या एका बाईने ते पाहिलं. पुरुष कंपनीत पहिल्या शिफ्टला गेलेले, कुणी फोन उचलेना. तिने ग्रुपवर लिहिलं, नियमाप्रमाणे, जागेचं नाव आधी, "दार अडकलंय, भरती चढतेय, चार माणसं पाठवा." नेमकं त्याच सकाळी आपलेच दोघे, एक ठाण्यात राहायला गेलेला आणि एक आखातात नोकरीला, कुठल्याशा दूरच्या निवडणुकीवरून एकमेकांवर तुटून पडले होते. दोघांना आणखी दहाजण चेव देत होते. दीड-दोनशे मेसेज झाले आणि त्यांच्या खाली तिचा मेसेज गाडला गेला. मी वाचला नाही. दादांनीही वाचला नाही, ते दवाखान्यात रांगेत बसले होते. दुपारी बांध फुटला. खाडीकडे त्याला खांड पडली म्हणतात. लावणी झालेल्या शेतात खाडी शिरली, आणि खारं पाणी एकदा शेतात बसलं की पुढची दोन-तीन वर्षं तिथे भात धड होत नाही.

दुसऱ्या दिवशी दादा मला घेऊन गेले. गुडघाभर चिखलात ती बाई उभी होती. दादा तिच्या सासऱ्याच्या ओळखीचे, वयाने मोठे, पण मान खाली घालून उभे राहिले. ती म्हणाली, "मी लिवला होता, काका. तुमीच सांगतलाव ना, जागंचं नाव लिवा म्हणून. मी लिवला." त्यात राग नव्हता, त्यामुळे ऐकवेना. परतीच्या वाटेवर पेणला दादा रिक्षातून उतरताना म्हणाले, "बाई, आजपास्नं जो पट्ट्यात राहत नाय तो ग्रुपात नाय. ठाण्याचा नाय, दुबईचा नाय, माझा भाऊ असला तरी नाय. लांब गेला त्याला हितली माया असंल, नाय कोण म्हणतो? पण ओंडका काढायला तो येनार हाय का?"

नियम बरोबर होता. आजही मला तो बरोबर वाटतो. दादांनी तीन आठवडे घेतले, एकेकाला फोन करत. ठाण्यातला तो तावातावाने भांडणारा माणूस फोनवर रडला, म्हणाला, सकाळी उठून गावातल्या नळाला पाणी आलं का हे वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. दादा त्याला म्हणाले, मी तुला रोज सांगीन. आणि खरंच कितीतरी दिवस त्याला एकट्याला वेगळा मेसेज करत राहिले. पुढे दादा थकत चालले, हृदयाचं दुखणं वाढलं, आणि काढण्याचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. माझ्याकडे आल्यावर फोन बंद झाले. कोण कुठे राहायला गेलं हे कळलं की मी त्याच दिवशी बोट दाबत असे. ग्रुप स्वच्छ झाला. दुसऱ्या तालुक्यातले लोक विचारायला यायचे, तुम्ही हे कसं जमवलंत? मला त्याचा अभिमान होता, हे लपवत नाही.

गेल्या वर्षाच्या अखेरीस प्रशांत वडिलांना पुण्याला घेऊन गेला. दुसरा झटका येऊन गेला होता, रोह्यात एकट्याला ठेवणं शक्य नव्हतं. भाड्याची जागा सोडली. निघायच्या आदल्या दिवशी दादा माझ्याकडे आले, ओसरीवर बसले, पोह्याचा पापड खाल्ला, इकडचं तिकडचं बोलले. ग्रुपचा विषय दोघांनीही काढला नाही. जाताना म्हणाले, "येतो." आठ दिवसांनी पुण्याहून फोन. "बाई, मला काढा आता." मी म्हटलं, "दादा, काहीतरीच काय?" ते म्हणाले, "काहीतरीच कसं? मी हद्दीत नाय. लोक बगतात. ठाण्याच्या पोराला काढला नि सोता बसून ऱ्हायला, असं व्हायला नको." मी म्हटलं, "तुमची गोष्ट वेगळी आहे."  ते म्हणाले, "येगळी कशी? दगड सगल्यांना सारखा… काढा."

मी चार दिवस काढलं नाही. पाचव्या दिवशी कुणीतरी मला खाजगीत विचारलं की पाटील साहेब पुण्याला गेले ना, तरी अजून ग्रुपात आहेत, मग माझ्या मेहुण्यालाही परत घ्या. माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी दादांच्या नावावर बोट ठेवलं आणि दाबलं. पडद्यावर करड्या अक्षरांत ओळ आली, मी त्यांना काढल्याची. साऱ्या पट्ट्याने वाचली असेल. फोन मी केला नाही. त्यांनीच सांगितलं होतं, मग फोन कशाला, असं मी मनाला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. मला काय बोलावं ते सुचत नव्हतं.

त्यानंतर आमचं दोनदा बोलणं झालं. पहिल्यांदा त्यांनी पुण्याचं पाणी, लिफ्ट, नातवाची शाळा यांबद्दल सांगितलं, आणि मी ऐकत होते पण ते सांगणारा माणूस मला ओळखीचा वाटत नव्हता. लिफ्टबद्दल बोलणारे हिराजीदादा मी कधी पाहिलेच नव्हते. दुसऱ्या वेळी त्यांनी मधेच विचारलं, "नागोठण्याच्या फाटकापाशी तो खड्डा होता, त्याचा काय झाला?" मला आनंद झाला. मी सांगायला सुरुवात केली, मग ते विचारतच सुटले. अमक्या आळीची टाकी धुतली का, निडीच्या फलाटावरचा दिवा लागला का, बांधाचं काम कुणी घेतलं. मी शाळेच्या एका कार्यक्रमाला निघाले होते, दारात चपला घालत होते. म्हटलं, "दादा, तुम्ही आता आराम करा बघू. ते सगळं आम्ही बघतो." ते म्हणाले, "व्हय, व्हय. बरोबर हाय." फोन ठेवला. मी किती प्रेमाने बोलले होते, असं मला तेव्हा वाटत होतं. त्यांनी पुन्हा कधी खड्ड्याचं विचारलं नाही. पुन्हा फोनच आला नाही. दीड महिन्याने स्नेहलचा आला, तो मेथीच्या वेळचा.

पुण्याला मी दहाव्याला गेले. परतायला निघाले तेव्हा स्नेहल मला खाली रिक्षापर्यंत सोडायला आली. गुणी मुलगी आहे. सासऱ्यांचं पथ्यपाणी तिनेच केलं. म्हणाली, "बाई, एक विचारू? निडीला आपल्या ओळखीचं कुणी आहे का? बाबांनी तिथे एक खोली बघून ठेवली होती. आम्हाला शेवटच्या आठवड्यात सांगितलं. हे खूप रागावले, म्हणाले, हॉस्पिटल सोडून त्या खेड्यात कशाला? बाबा नुसतं म्हणाले, जमिनीलगतची खोली आहे, स्टेशन जवळ आहे, काही झालं तर गाडीत बसवून आणा." तिने मला निडीच्या बाईंचं नाव दिलं, सुलोचना ठाकूर. त्यांच्या घरामागच्या जागेची मोजणी दादांनी कधीकाळी केली होती, ती ओळख. "तुम्ही एकदा जाऊन त्यांना सांगाल का, की आता खोली नको म्हणून? माझ्याच्याने फोनवर बोलवत नाही."

मी पुढच्या आठवड्यात सकाळच्या पॅसेंजरने निडीला उतरले. रोह्याहून दोन-तीन कोसांवर. आयुष्यभर खिडकीतून पाहिलेलं हे स्टेशन, कधी उतरले नव्हते. फलाटावरून दहा मिनिटं चाललं की ठाकुरांचं घर. सुलोचनाताई माझ्याच वयाच्या, अंगणात वाल सोलत बसलेल्या. मला पाहून उठल्या, हात पुसले, पदर सावरला. मी कोण हे सांगावं लागलं नाही. ग्रुपमधल्या माझ्या फोटोवरून त्यांनी मला ओळखलं होतं. दादा गेल्याचंही त्यांनी माझ्याच बातमीत वाचलं होतं. त्या मला घराच्या कडेच्या खोलीकडे घेऊन गेल्या.

लहान खोली. शेणाने सारवलेल्या ओट्यावरून दोन पायऱ्या चढून आत जायचं. पायऱ्यांना नवा लोखंडी कठडा. आत एक खाट, एक प्लॅस्टिकची खुर्ची खिडकीला लावून ठेवलेली, आणि खिडकीच्या बाजूला, भिंतीत जरा खालीच, नवा कोरा प्लग. भोवतीचं सिमेंट अजून रंगवलेलं नव्हतं. खोलीत दुसरा प्लग नव्हता.

"हा त्यांनी बसवून घेतला," सुलोचनाताई म्हणाल्या. "तीन येळा फोन केलान. खुर्चीत बसल्या बसल्या हात पोचला पायजे म्हणाले, मोबाइल चार्जिंगला लावायला उठायला नको. वायरमन आला त्या दिवशी मी सोता खुर्चीत बसून हात लावून बघितला. मग त्याला सांगतला, हां, आता भोक पाड."

मी त्या खुर्चीत बसले नाही. बसवेना. खिडकीतून रूळ दिसत होते, त्यापलीकडे कापणी झालेली शेतं. मी विचारलं, "ते निडीलाच का म्हणाले? रोह्यात, पेणला, कुठेही मिळाली असती जागा."

"रोह्यात जिने चढायला लागतात म्हणाले. आनि हितनं दोन्हीकडं गाडी हाय." त्यांनी खुर्चीवरची धूळ पदराने पुसली. "मला काय, बाई, त्यांनी खोलीचं जास्त काय इचारलंच नाय. पानी हाय का, संडास जवळ हाय का, काय नाय. दर फोनला एकच. मी निडीत राहायला आलो, तर बाई मला परत घेतील ना ग्रुपात?"

मी खिडकीचा गज धरला.

"मी म्हटला, दादा, ग्रुप तुमचा, तुमीच बाईंना इचारा. तर म्हणाले, मी कसा इचारू? मी नियम केलाय. मी इचारला तर त्यांना नाय म्हणता येनार नाय. तू इचार. नाव न घेता इचार, की कुनी परत राहायला येनार असंल तर आधीच घेता का."

"मग?" मी म्हटलं. "तुम्ही मला कधी विचारलं नाहीत."

सुलोचनाताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दोनदा लिवला नि पुसला. रागावू नका हां बाई. भीती वाटते तुमची. माझी जाऊ पनवेलला लेकाकडं गेली ना, तिला तुमी दुसऱ्याच दिवशी काढलात. एक शब्द नाय, फोन नाय. ती आजून इचारते, माझा काय चुकला? मी म्हटला, मी इचारनार नि बाई मलाच काढतील. मग राहूनच गेला…"

बाहेर गाडी येऊन थांबली, सुटली. मी खिडकीचा गज धरून उभी होते. दादा पुण्यात कितव्या मजल्यावर कोण जाणे, रोज सकाळी चहा झाल्यावर फोन हातात घेऊन बसत असणार, निडीहून उत्तर आलं का बघत. एका माणसाने तिथे जगायचं ठरवलं होतं, कठडा लावून घेतला होता, प्लगची उंची सांगितली होती, आणि सगळं अडलं होतं ते माझ्या एका होकारावर. तो होकार कुणी माझ्याकडे मागितलाच नाही. कुणी माझ्याकडे काही मागावं अशी मी उरले नव्हते.

"विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं," असं मी सुलोचनाताईंना म्हणाले. त्यांना तेवढं तरी ऐकायला मिळायला हवं होतं. त्यांनी मान हलवली, डोळे टिपले, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

खोलीत एकटी उरल्यावर मी स्वतःला तो मेसेज वाचून दाखवला. नाव नसलेला, निडीहून कधीच न आलेला. कुणी परत राहायला येणार असेल तर आधीच घेता का? मी स्वतःला ओळखते. मी लगेच उत्तर दिलं असतं, दोन ओळींत, आणि दुसऱ्या कामाला लागले असते. आधी राहायला येऊ देत. मग बघू.